जुनी अवजारे : ठेवावीत की द्यावीत ?

जुन्या शेतकरी कुटुंबाच्या गोठ्यात पाहिले, तर चालू कामाच्या अवजारांबरोबरच कामातून गेलेली अवजारेही दृष्टीस पडतात. कोपऱ्यात लाकडी नांगर उभा असतो, तुळईवर तिफण चढवून ठेवलेली असते, भिंतीला जू टेकलेले असते आणि मोट बंद होऊन कित्येक वर्षे लोटली तरी मोटेचे चाक दाराशी पडलेले असते. बैलजोडी विकली गेली, नांगरट व पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली, तरी ही अवजारे जागची हलत नाहीत. घरातील तरुण मंडळी त्यांस अडगळ म्हणतात. वडीलधारी मंडळी त्यांस हात लावू देत नाहीत. मग एके दिवशी भंगार घेणारा दाराशी येऊन उभा राहतो आणि वर्षानुवर्षे टाळलेला निर्णय पाच मिनिटांत होऊन जातो. त्याची हळहळ मात्र पुष्कळ दिवस राहते.

अवजार ठेवावे की द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्यात गोठ्यातील जागा, पैसा, माणसांची व जनावरांची सुरक्षितता आणि घरातील माणसांचे मन अशा चार गोष्टी गुंतलेल्या असतात. म्हणून त्याचा विचार सावकाशीने व पद्धतशीरपणे होणे इष्ट आहे.

अवजारावर जीव का जडतो ?

बाजारातून विकत आणलेली वस्तू आणि पूर्वीचे शेतीचे अवजार यांत मोठा फरक आहे. पूर्वीचे अवजार गावातच घडत असे. बांधावरची बाभूळ तोडून, तिचे लाकूड वाळवून ते सुताराच्या हवाली केले जाई. सुतार बैलांची उंची, जमिनीचा प्रकार आणि औत हाकणाऱ्याचा हात पाहून नांगराचा व तिफणीचा घाट ठरवीत असे. लोहार फाळ घडवी. ह्या कारागिरांना त्याबद्दल खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळे. म्हणजे एका नांगरात बांधावरचे झाड, सुताराचे कसब, लोहाराचा घण आणि शेतकऱ्याचे धान्य हे सर्व एकत्र आलेले असे. पुढे वीस-तीस वर्षे त्याच रुमण्यावर एकाच माणसाचा हात राहिला म्हणजे लाकडाला जी झिलई चढते, ती त्या माणसाची खूण होऊन बसते. तो माणूस गेल्यावर मुलगा रुमण्याला हात लावतो, तेव्हा त्याला वडिलांचा हात आठवल्यावाचून राहत नाही.

खंडेनवमीस व दसऱ्यास आपल्याकडे अवजारांची पूजा होते. पेरणीच्या आरंभी चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी तिफणीला हळदकुंकू वाहिले जाते. ज्या वस्तूपुढे नारळ फोडला, ती तराजूत घालून किलोवर विकणे मनास जड जाते. 'गरज सरो आणि वैद्य मरो' अशी वागणूक माणसाशी करू नये, असे आपण मानतो. तीच भावना येथे अवजाराविषयी असते. ह्या भावनेत हसण्यासारखे काही नाही. जो शेतकरी अवजाराची कदर करतो, तोच त्याची निगाही चांगली राखतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

जुने ते किती जुने ?

तथापि, ह्या विषयाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. आजोबांचा म्हणून जो नांगर दाखविला जातो, त्यातील आजोबांच्या हातचे किती शिल्लक असते ? फाळ झिजला की तो लोहाराच्या भट्टीत जाई व त्याला नवे पाणी दिले जाई. अगदीच झिजला की दुसरा बसविला जाई. रुमणे मोडले की नवे घातले जाई. तिफणीच्या नळ्या व फण कित्येकदा बदलले जात. पिढ्यान्‌पिढ्या अवजार टिकले, ते त्याचे भाग वेळच्या वेळी बदलले म्हणूनच. झिजलेला भाग टाकून देताना आजोबांनी मागेपुढे पाहिले नव्हते, कारण अवजार चालते राहिले पाहिजे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

लोखंडी नांगराचे उदाहरण ह्या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण ती पलटवीत नाही. लोखंडी नांगर अधिक खोल जाऊन मातीची तास पलटवितो, आणि हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांच्या मुळ्या वर आणून उन्हात टाकतो. हा लाभ उघड असूनही आरंभी तो नांगर घेण्यास शेतकरी धजत नव्हते. लोखंडाने जमिनीत विष उतरते व ती नासते, असा समज होता. पुढे अनुभवाने तो समज गेला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथील नांगर गावोगावी पोहोचले. आज गोठ्यात गंजत असलेला, परंतु 'वडिलांचा' म्हणून जपलेला लोखंडी नांगर एके काळी घरात असा नवखा पाहुणा म्हणून आला होता आणि त्याच्यासाठी त्याहून जुना लाकडी नांगर कोपऱ्यात उभा करावा लागला होता.

मोटेचेही तेच झाले. चामड्याची सोंडेची मोट, जाड नाडा, बारीक सोंदूर आणि धावेवरून मागेपुढे होणारी बैलजोडी यांवर शेकडो वर्षे बागायत उभी होती. तेलावरची इंजिने व विजेचे पंप आले आणि मोट थांबली. मोटेच्या गाण्यांची आठवण काढणारा शेतकरीही पुन्हा मोट धरावयास तयार होणार नाही. कारण तीत बैलांचे व माणसांचे किती बळ खर्ची पडे, हे त्याने पाहिलेले असते.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वाडवडिलांकडून जे आले, ते केवळ लाकूड व लोखंड नव्हे. योग्य वेळी योग्य अवजार वापरण्याची दृष्टीही त्यांच्याकडूनच आली आहे. त्या दृष्टीस धरून एखादे अवजार हातावेगळे केले, तर त्यात वाडवडिलांचा अनादर होत नाही.

एका तिफणीची गोष्ट

पुढे दिलेला प्रसंग कोरडवाहू भागातील कित्येक घरांत थोड्याफार फरकाने घडत असतो. एका कुटुंबाने बैलजोडी विकली. गोठ्याची जागा सोयाबीनची पोती ठेवण्यास हवी होती. मुलाने एके दिवशी तिफण, कुळव व जू एकत्र करून सरपणाच्या भावाने देऊन टाकले. त्याचा हेतू वाईट नव्हता. वाळवी लागू लागलेले लाकूड पोत्यांजवळ नको, हा त्याचा विचार बरोबरच होता. आई शेतातून परतली, तेव्हा तुळई रिकामी होती. ती त्या दिवशी काही बोलली नाही.

पुढल्या मृगात ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र वावरात आले, तेव्हा तिने मुलाला विचारले, "चाडं कुठं ठेवलंस ?" तिफणीवरचे ते लहानसे लाकडी चाडे सरपणातच गेले होते. तीस वर्षे ती त्या चाड्यावर मूठ धरून तिफणीमागे चालली होती. एकरी किती बियाणे पडावयाचे, ते तिच्या मुठीला ठाऊक होते. तिच्या हातची ज्वारी दाट किंवा विरळ झाली, असे कोणी कधी म्हटले नव्हते. तिफण गेल्याचे तिला दुःख नव्हते. बैल नाहीत तेथे तिफण कशाला, हे तीही जाणत होती. "चाडं तेवढं काढून घेतलं असतं, कोनाड्यात मावलं असतं," एवढेच तिचे म्हणणे होते.

गोष्ट येथेच संपत नाही. शेजारच्या डोंगराळ वाडीत ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, अशी लहान व उताराची शेते होती. तेथील एका शेतकऱ्याने त्याच हंगामात सुताराकडून नवी तिफण करून घेतली. जुनी तिफण दुरुस्त करून त्याला देता आली असती. म्हणजे एका घाईच्या निर्णयाने दोन गोष्टी गमावल्या : जे ठेवावयास हवे होते ते लहानसे चाडे गेले, आणि जे द्यावयास हवे होते ते अवजार जळून गेले. विचारल्याविना टाकणे आणि विचाराविना साठविणे, हे दोन्ही सारखेच तोट्याचे आहे.

निर्णय कसा करावा ?

प्रत्येक अवजारापुढे उभे राहून पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

(१) गेल्या तीन वर्षांत हे अवजार किती दिवस कामास आले ? एकाच वर्षाचा हिशोब धरू नये. पाऊसमान व पीक बदलले म्हणजे कधी कधी एखादे अवजार एक वर्ष पडून राहते. तीन वर्षांत ते एकदाही जुंपले गेले नसेल, तर ते कामाचे राहिले नाही असे समजावे. मात्र 'सर्व कामे आता यंत्राने होतात' असे म्हणून सरसकट निर्णय करू नये. उभ्या पिकात, ओळी जवळ असताना, मोठा ट्रॅक्टर चालविता येत नाही. तेथे बैलाचे किंवा हाताचे कोळपेच उपयोगी पडते. ट्रॅक्टर भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्यालाही सायकल कोळपे, खुरपे, विळे ही लागतातच.

(२) ठेवण्यास खर्च किती येतो ? पडून असलेल्या अवजारास खर्च नाही, ही समजूत चुकीची आहे. समजा, एका अवजाराची आज विक्रीची किंमत ८,००० रुपये आहे. ती रक्कम हाती आली, तर शेकडा ७ दराने वर्षाचे व्याज ५६० रुपये होईल. अवजाराची वार्षिक दुरुस्ती १,००० रुपये धरली, तर ते ठेवण्याचा खर्च वर्षास १,५६० रुपये पडतो. वर्षातून ते दोनच दिवस वापरले, तर दिवसास ७८० रुपये पडले. तेच अवजार गावात ५०० रुपये रोजाने भाड्याने मिळत असेल, तर स्वतःचे ठेवणे महाग आहे. भाड्याने अवजारे देणारी केंद्रे कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून २०१४-१५ पासून ठिकठिकाणी उभी राहिली आहेत; त्यांतील जवळच्या केंद्राचे दर विचारून हा हिशोब प्रत्येकाने आपापल्या अवजारापुरता करावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काळ्या जमिनीत पावसानंतर पेरणीयोग्य वाफसा थोडेच दिवस टिकतो. त्या दिवसांत सर्व गावाला एकाच वेळी पेरणी यंत्र हवे असते. भाड्याचे यंत्र वेळेवर मिळेल, अशी खात्री नसेल, तर पेरणीचे व आंतरमशागतीचे अवजार स्वतःचे असणे हिशोबाने महाग दिसले तरी प्रत्यक्षात फायद्याचे ठरते. हुकलेला वाफसा कोणत्याही भाड्यातून भरून निघत नाही.

(३) ते सुरक्षित आहे काय ? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. खडबडीत, चिरलेले किंवा एका बाजूस कललेले जू बैलाच्या खांद्यावर घासते व खांदेसूज होते. असे जू तासून नीट करता येत नसेल, तर ते कितीही जुने व आवडते असले तरी पुन्हा बैलाच्या मानेवर चढवू नये. मळणी यंत्राचे पट्टे व चाके उघडी पडली असतील, किंवा कणसे आत सोडण्याची पन्हळ तोकडी असेल, तर हात आत ओढला जाण्याचा धोका असतो. अशा अपघातांमुळेच मळणी यंत्रांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९८३ साली करण्यात आला. गळका फवारणी पंप पाठीवरून औषध अंगावर सांडतो. कीटकनाशकाची विषबाधा किती भयंकर असते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर दगावले तेव्हा सर्वांनी पाहिले. सदोष अवजार एकतर जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर मोडीत काढावे. ते दुसऱ्या गरजू शेतकऱ्यास स्वस्तात देणे हा उपकार नव्हे. तो धोका एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याचा प्रकार आहे.

(४) जीव नेमका कशावर आहे, आणि कोणाचा ? पुष्कळदा संपूर्ण अवजारावर जीव नसतो. तो चाड्यावर, रुमण्यावर, जुवाच्या शिवळेवर किंवा बैलांच्या घुंगरमाळेवर असतो. तसेच, ज्याच्या हाती घराचा कारभार आहे, त्याचा जीव अवजारावर असेलच असे नाही. ज्याच्या हाताने ते अवजार चालले, त्याचा असतो. शेतीची कित्येक कामे स्त्रिया करतात, परंतु अवजार विकताना त्यांस क्वचितच विचारले जाते. म्हणून निर्णयापूर्वी घरातील वृद्धांना व स्त्रियांना अवश्य विचारावे. भावाभावांत वाटणी होताना कामाची अवजारे उपयोगाप्रमाणे वाटावीत आणि आठवणीची एखादी वस्तू कोणाकडे राहावी, हे स्वतंत्रपणे व समजुतीने ठरवावे. दोन्हींचा हिशोब एकत्र केल्याने हजार रुपयांच्या वस्तूसाठी आयुष्यभराचा अबोला धरल्याची उदाहरणे होतात.

द्यावयाचे तर कोणास ?

चालू स्थितीतील अवजार प्रथम ते वापरणाऱ्याच्या हाती जावे. डोंगराळ व लहान तुकड्यांच्या शेतीत बैल आजही उपयुक्त आहेत. अशा भागातील शेतकऱ्यांना चांगला लोखंडी नांगर, कुळव किंवा तिफण हवी असते. आपल्या शेतात निरुपयोगी ठरलेला नांगर दुसऱ्याच्या शेतात पुन्हा माती पलटवितो आहे, हे पाहून देणाऱ्याच्या मनाची रुखरुख पुष्कळ कमी होते.

मोडके लोखंड भंगारात घालण्यापूर्वी लोहारास दाखवावे. चांगल्या पोलादाच्या जुन्या फाळापासून किंवा पासेपासून खुरपे व विळे घडविता येतात. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून कोयते घडविण्याची रीत तर सर्वत्र आहे. आजोबांच्या फाळाचे खुरपे झाले आणि ते नातवाच्या हाती आले, तर अवजार संपले असे कोण म्हणेल ?

नक्षीची जुनी बैलगाडी, दगडी जाते, लाकडी चाके यांना शहरात शोभेची वस्तू म्हणून मागणी असते. अशी वस्तू विकावयाची असेल, तर ती वजनावर विकू नये. दोन-तीन ठिकाणी चौकशी करून मगच भाव ठरवावा आणि दाराशी आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकास त्याच दिवशी होकार देऊ नये.

ठेवावयाचे तर कसे ?

आठवणीसाठी अवजार ठेवणे गैर नाही. परंतु ते ठेवले म्हणजे त्याची निगा राखली पाहिजे. गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात वाळवीच्या तोंडी दिलेल्या नांगराला जपलेला नांगर म्हणता येत नाही. जितक्या वस्तूंची वर्षातून एकदा साफसफाई होऊ शकेल, तितक्याच ठेवाव्यात. बहुतेक घरांस एक किंवा दोन पुरेत.

लाकडी वस्तू जमिनीपासून उचलून, कोरड्या व वारा खेळत्या जागी टांगावी. भुंगा किंवा वाळवी लागलेली असल्यास ती घरातील इतर लाकूडसामानापासून आधी दूर करावी. स्वच्छ पुसून, कडक उन्हात वाळवून तिला जवसाचे तेल चोळावे. लोखंडी भागावरील गंज तारेच्या ब्रशाने काढून वंगणाचा हात द्यावा. धारदार टोके मुलांच्या हाताशी येणार नाहीत, अशी काळजी घ्यावी.

ह्याखेरीज एक काम अवश्य करावे. ते अवजार कोणी घडविले, लाकूड कोठले, कोणी वापरले आणि त्याच्या भागांची नावे काय, हे एका वहीत लिहून ठेवावे. इसाड, रुमणे, दिंड, शिवळ, सोंदूर हे शब्द आज वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी आहेत. अवजार राहिले तरी ते शब्द सांगणारा राहीलच असे नाही. घरी जागा नसेल, तर गावातील शाळेस विचारावे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय लोकांच्या नित्य वापरातील वस्तूंवरच उभे राहिले. कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारांसह जुने ग्रामजीवन पुतळ्यांच्या रूपाने दाखविले आहे. तेवढा मोठा व्याप गावास झेपणार नाही. परंतु शाळेच्या एका भिंतीवर नावानिशी लावलेली चार अवजारे मुलांना पुष्कळ काही शिकवितात.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे ?

नवीन अवजाराचा प्रचार करताना जुन्यास नावे ठेवण्याचा मोह कार्यकर्त्यांनी टाळावा. ज्या नांगरावर घर उभे राहिले, त्याला भंगार म्हणणाऱ्याचा सल्ला शेतकरी मनापासून ऐकत नाही. त्याऐवजी ते अवजार कोणी केले, किती वर्षे चालले, हे आधी विचारावे. उत्तर ऐकताना शेतकऱ्याची जमीन, पाणी व कामाची पद्धत यांची जी माहिती मिळते, ती अन्य मार्गाने मिळत नाही. त्यानंतर नव्या व जुन्या अवजाराचे काम एकाच वावरात शेजारी शेजारी करून दाखवावे व निर्णय शेतकऱ्यावर सोपवावा. कोणत्या वाडीत कोणते अवजार हवे आहे आणि कोणाकडे ते पडून आहे, याची साधी यादी कार्यकर्त्यांनी गावोगाव ठेवली, तर कितीतरी अवजारे सरपणात जाण्याचे वाचेल.

सारांश

ह्या कामास खंडेनवमीसारखा दिवस नाही. त्या दिवशी सर्व अवजारे बाहेर काढली जातात, धुतली-पुसली जातात आणि घरातील सर्व माणसे एकत्र असतात. रब्बीची पेरणीही तोंडावर असते. पूजेनंतर त्याच जागी बसून कामाची, दुरुस्तीची, देण्याची, मोडीत काढावयाची व आठवणीची अशी अवजारांची वर्गवारी करावी. भंगार घेणारा दाराशी आल्यावर निर्णय करावयास बसू नये; तो आधी झालेला असावा. अशा रीतीने विचारपूर्वक दिलेल्या अवजाराची हळहळ राहत नाही, आणि विचारपूर्वक ठेवलेल्या अवजाराची अडगळ होत नाही.